उतार संपतो तिथं उभा माणूस

मी बर्फावर गेलो तो भित्रा म्हणून. पैलवान म्हणून गेलेले होते, हौशी म्हणून गेलेले होते, एकजण नुसता फोटो काढायला आला होता. माझी जागा यादीत भेणाऱ्याची होती, आणि ती तायडे हवालदारांनी हट्ट धरून मला मिळवून दिली होती. तेव्हा त्या जागेची मला लाज वाटली. आज जे वाटतं त्याला नाव द्यायला माझी सातवीपर्यंतची शाळा पुरत नाही.

हवालदार अकोल्याला आमच्या जिनिंग-प्रेसच्या फाटकावर जमादार होते. फौजेतून सुटून आले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. उंच, कोरडे, गालफडं बसलेली. डाव्या पायाची दोन बोटं काश्मीरच्या बर्फात गेली होती. त्या रिकाम्या जागेत ते रोज सकाळी जिनातून निघालेली ताजी रुई कोंबत. चिमूटभर रुई उचलणं हा त्यांचा हक्कच होऊन बसला होता. मुनीमजीसुद्धा तेवढ्यापुरती दुसरीकडे मान वळवत. चहा उभ्यानं पीत. कुणाच्या घरी गेले की आधी मागचं दार कुठं आहे ते पाहत आणि मगच बसत. बोलणं कमी. मी कोकणातला, कुडाळच्या पलीकडचा; पहिल्या महिन्यात त्यांचं बोलणं ऐकून मला वाटायचं, हे माझ्यावर रागावलेत. पुढं कळलं की वऱ्हाडात प्रेमानं बोलतात तेही असंच, दगड ठेवल्यासारखं.

त्यांची एक खोड साऱ्या प्रेसला माहीत होती. वजनकाट्यापासून गोदामाकडे जाणारी वाट जराशी उतरती होती. कापसानं भरलेल्या बैलगाड्या तिच्यावरून आवरत आवरत खाली यायच्या. हवालदारांनी रुजू झाल्या महिन्यातच त्या वाटेच्या शेवटी, गोदामाच्या भिंतीअलीकडं, मातीचा गुडघाभर बांध घालून घेतला. मुनीमजी चिडले. गाड्या वळवायला अडचण होते, म्हणाले. हवालदारांनी त्यांना विचारलं, वर बैल आहेत, मधे गाडीवान आहे, खाली कोण आहे? खाली भिंतीच्या सावलीत रेजा, म्हणजे मजूर बाया, बसून भाकरी खायच्या. वर्ष झालं, दोन वर्षं झाली, त्या बांधावर काही येऊन आदळलं नाही. मुनीमजी ते बोलून दाखवत. हवालदार म्हणत, "नाही आदळलं तं बरंच झालं ना बापा."

आणि मग ते वाक्य, जे आम्ही सगळे त्यांच्या मागं त्यांच्याच आवाजात म्हणत असू: "उतार कसा हाये ते कोनीबी पाह्यते. संपते कोठी, ते पाहा."

मी अकोल्याला आलो सत्तावन्न साली. वडील वारले होते, शाळा सुटली होती, गावच्या एका माणसानं जिनिंगात तेलवाल्याचं काम लावून दिलं होतं. म्हणजे तेलाची बुधली घेऊन शिडीवर चढायचं आणि छताखालून फिरणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना तेल द्यायचं. पहिल्याच पावसाळ्यात मुदतीचा ताप आला. खोलीतले सोबती दुसरीकडे निजायला गेले, त्यांना मी दोष देत नाही. हवालदार एका रिकाम्या गाडीत मला घालून आपल्या घरी घेऊन गेले. आठ दिवस मी कुठं आहे हे मला धड ठाऊक नव्हतं. नवव्या दिवशी शुद्ध आली तेव्हा त्यांच्या बायकोनं, कौसल्यावहिनींनी, भाकरी दुधात कुस्करून पुढं केली आणि ताट खाली ठेवायच्या आधी त्या थांबल्या.

"आमी दीक्षा घेतलेले लोक हाओ," त्या म्हणाल्या. "तुले चालते का, आधी सांग."

मी म्हटलं, वहिनी, आठ दिवस तोंडात घातलंत तेव्हा नाही विचारलंत.

"तवा तू शुद्धीवर कोठी होता? बेसुध मानसाले काय इचारा लागते?" आणि त्या हसल्या. हवालदार दारात उभे होते, ते हसले नाहीत. मी जेवून होईपर्यंत मात्र तिथंच उभे राहिले. त्या दिवसापासून त्या घरचा मी माणूस झालो.

साठ सालच्या दिवाळीनंतर मधुभाऊ देशमुख अमरावतीहून आले. हे प्रेसच्या मालकांचे पुतणे. अठ्ठावीस-तीस वर्षांचे, गोरे, कसलेले, अमरावतीच्या एका आखाड्याचे प्राण. एकदा काकांबरोबर हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आले होते आणि तिथं माणसं पायाला फळ्या बांधून बर्फावरून सरसर उतरताना पाहिली होती. तेव्हापासून डोक्यात एकच: आखाड्याच्या पोरांना बर्फावर न्यायचं. वऱ्हाडातून असं कुणी गेलं नव्हतं. काकांच्या फाटकावर जो जमादार आहे त्यानं फौजेत हेच काम शिकून पुढं रंगरुटांना शिकवलंय, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मनानं चांगला माणूस. फाटकाशी खुर्ची मागवून न घेता उभ्यानंच बोलले.

हवालदारांनी विचारलं, किती जण. नऊ. बर्फ पाहिलेले किती. मधुभाऊ स्वतः, एकदा.

"अन् भेते कोन?"

"कोनीच नाही," मधुभाऊ म्हणाले. "आमचे पोट्टे मातीतले हायेत, हवालदार. ते काय भेतीन?"

"मंग मले नाही जमत."

मधुभाऊंना वाटलं थट्टा आहे. हवालदार थट्टा करत नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की नवखी माणसं न्यायची तर जागा सगळ्यात भित्र्या माणसाच्या मापानं पाहावी लागते. "मापच नसन तं कापड कोठून फाडू?" मग त्यांनी मान वर करून शिडीकडं पाहिलं. शिडीवर मी होतो, हातात बुधली घेऊन, आणि हे सगळं ऐकत होतो.

"तो पाहा. कोकनातला हाये. दर पायरीवर पाय ठेवते, दाबून पाह्यते, मंग चढते. तीन सालात एकडाव पडला नाही. त्याले घ्या, मंग येतो मी."

मधुभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. शिडीवर मला आणखी एक पायरी चढायची होती, ती मी चढलो नाही.

मग जागा निवडणं सुरू झालं, आणि ते आपण समजतो तसं चित्रांची पुस्तकं चाळत बसण्यासारखं नव्हतं. हवालदारांनी तीन ठिकाणी कार्डं टाकली: गुलमर्ग, मनाली आणि सिमल्याच्या पुढचं कुफरी. तिन्ही ठिकाणी पलटणीतलं कुणी ना कुणी ओळखीचं होतं. फौजेत त्यांना हिंदुस्तानी इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवलेलं. तेच त्यांना सराईत येई, मराठी ते बोट ठेवून वाचत. कार्डावर नमस्कार-चमत्कार नाहीत, तीन सवाल फक्त. उतार कुठं संपतो? पडलेल्या माणसाला परत वर यायला किती चालावं लागतं? डॉक्टर किती लांब?

उत्तरं यायला महिना लागला. मनालीवाल्यानं लिहिलं की थंडीत रस्त्याचा भरवसा देत नाही. गुलमर्गवाल्यानं कार्डाच्या दोन्ही बाजू भरून त्या जागेचं असं वर्णन केलं होतं की हवालदार वाचता वाचता थांबले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. अशी जागा दुनियेत नाही, असं ते स्वतःच म्हणाले. पण शेवटचा पल्ला बर्फातून पायी चढायचा, मोठा डॉक्टर खाली शहरात, वाट बंद झाली की दोन-दोन दिवस बंद. कुफरीचं कार्ड तिथं फळ्या सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून लिहवून आलं होतं. उतार लहान आहे, खाली ताटलीसारखा खोलगट होऊन पलीकडं पुन्हा चढतो, पडलेलं पोर आपोआप मधे येऊन थांबतं. सिमल्याचा दवाखाना दहा-अकरा मैल. आणि खाली एक ओळ: ज्यांना येतं ते लोक आमच्या या उतारावर हसतात.

ही ओळ हवालदारांनी दोनदा वाचली आणि खाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

"जिथं येनारे हसतेत, ते आपली जागा," ते म्हणाले.

अमरावतीची मंडळी दर रविवारी सकाळी अकोल्याला सरावाला यायची. सराव कसला, तर प्रेसच्या मागं सरकीचा ढीग होता, दोन पुरुष उंच. प्रेसच्या सुतारानं सागाच्या फळ्या तासून, टोकं भिजवून वर वाकवून दिल्या होत्या. त्यांना मेण चोळायचं, पायाला चामडी पट्ट्यांनी बांधायच्या आणि ढिगाच्या डोक्यावरून सोडून द्यायचं. पहिल्या रविवारी सगळे तोंडावर आपटले, नाकातोंडात सरकी. गजा पैलवान वजनामुळं मधेच रुतायचा आणि तिथंच उभा राहून खालच्यांना शिव्या घालायचा. तिसऱ्या रविवारी मी उभ्यानं खाली आलो. खाली आलो आणि थांबलो. आयुष्यात मला एवढं कधी काही साधलं नव्हतं. हवालदार दर खेपेला खालीच उभे असत, हाताच्या अंतरावर. पाच रविवार झाले तेव्हा आमच्यातला एकही पडेनासा झाला.

त्यानंतर अमरावतीला आखाड्यात बैठक बसली. मी आणि हवालदार सकाळच्या गाडीनं गेलो. लाल मातीभोवती सगळे बसले होते. मधुभाऊंनी सांगितलं, गुलमर्गच. एवढं जायचं, एवढा खर्च, आणि लहान पोरांच्या घसरगुंडीवर बसून परत यायचं? पोरांना आता येतं. ढिगाच्या डोक्यावरून सुटतात आणि जिथल्या तिथं थांबतात, तुम्हीच पाहिलंय, हवालदार.

मी हवालदारांकडं पाहिलं. असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा असतो तसा.

"चूक माही हाये," ते म्हणाले. "थांबत तुमी नव्हते. थांबवत सरकी होती. सरकीत पाय रुतते. बर्फात नाही रुतत. मी पाच आठवडे तुमाले न येनारी गोष्ट येते असं शिकवलं."

मग मागून कुणीतरी पुटपुटलं की फाटकावरचा मानूस आता आखाड्याले शिकवते. त्या 'फाटकावरचा' शब्दाच्या मागं दुसरा एक शब्द उभा होता, तो कुणी उच्चारला नाही. हवालदारांनाही तो ऐकू आला असणार. त्यांनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीही मोजक्या शब्दांत. जागेचं नाव सांगितलं नाही. फौजेत एका साहेबानं रंगरुटांसाठी उतार निवडला. फार सुंदर उतार. हवालदार आदल्या दिवशी त्याच्या टोकापर्यंत चालून आले होते आणि टोकाला काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. पण साहेबानं विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. किसन नावाचा एक रंगरूट होता, वाशिमकडचा. पाचव्या नंबरला तो सुटला.

"मी सांगतलं असतं तं साहेब ऐकनारा होता," हवालदार म्हणाले. "वाईट मानूस नव्हता तो. मीच उगा राह्यलो." मग म्हणाले, "म्हनून आता बोलतो. गुलमर्गले गेले तं मी येनार नाही, अन् तुमी जाऊ नये असं माहं सांगनं हाये."

त्या आखाड्यात हात वर करून मत देत नसत. ज्याचं पटलं त्याच्या पुढ्यात मूठभर माती ठेवायची, आणि एकदा ठेवलेली माती फिरवायची नाही, अशी रीत. एकेक जण उठला. सात मुठी मधुभाऊंपुढं पडल्या, त्यांत त्यांची स्वतःचीही. दोन हवालदारांपुढं. मी आखाड्याचा नव्हतो, मला मातीला हात लावता येत नव्हता.

हवालदार उठायला लागले आणि उठता उठता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कशासाठी आणला गेलो होतो हे मला ठाऊक होतं. समोर नऊ पैलवान. माझं कोकणी हेल काढून बोलणं त्यांच्यासाठी करमणूक होती. गाडीतून उतरल्यापासून दोघांनी माझी नक्कल केली होती. मी म्हटलं, मला भीती वाटते. परवा मी ढिगावरून उभ्यानं आलो तेव्हा वाटलं मला येतं. आता कळतंय की मला थांबता येत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याला जिथं उतार आपणहून संपतो तिथं न्या.

कुणी हसलं नाही. याचंच मला आश्चर्य वाटलं, अजून वाटतं. गजा पैलवान उठला, मधुभाऊंपुढच्या ढिगातून एक मूठ माती उचलली आणि हवालदारांपुढं आणून ठेवली.

"गजा, माती फिरवत नसतेत," मधुभाऊ म्हणाले.

"माहीत हाये, मधुभाऊ. पन हा कोकन्या खरं बोलला. मीबी भेतो. मले बोलता येत नव्हतं." मग आणखी दोघं उठले. पाच आणि चार झालं. मधुभाऊंनी आपल्या पुढ्यातली माती तळहातानं सपाट केली आणि म्हणाले, ठीक आहे, कुफरी.

जानेवारीत आम्ही निघालो. वऱ्हाडातली माणसं थंडीला जी तयारी करतात ती आम्ही केली होती: प्रत्येकाची जाड कापसाची गादी, वर रजई, सतरंजीत गुंडाळून दोरीनं आवळलेली. अकोल्यापासून काल्क्यापर्यंत दर स्टेशनावर हमाल त्या वळकट्यांकडं पाहून हसले. कुफरीला एका लाकडी घरात उतरलो. त्याच संध्याकाळी, आम्ही चुलीभोवती बसलेलो असताना, हवालदार एकटे बाहेर पडून आजूबाजूचे सगळे उतार शेवटापर्यंत चालून आले. आल्यावर सांगितलं, समोरचा उतार आपला. घरामागचा जो लांब, गुळगुळीत आहे, तो देवदारांत शिरतो आणि देवदारांच्या पलीकडं काही नाही. आम्ही ऐकलं. ऐकणं आणि पाहणं यांत फरक असतो.

दोन दिवस छान गेले. ताटलीत सुटायचं, पडायचं, उठायचं. पण तिथली दहा-दहा वर्षांची पोरं आमच्या बाजूनं वाऱ्यासारखी निघून जायची आणि वळून पाहायची. मधुभाऊंच्या कपाळावरची शीर मी पाहत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी एकाचा घोटा मुरगळला. हवालदार घरात बसून त्याला तेल चोळत होते. मी मागच्या खिडकीशी उभा होतो, आणि मला पांढऱ्यावर तीन काळे ठिपके दिसले. खांद्यावर फळ्या घेऊन मागचा उतार चढत होते. अर्ध्याच्या वर पोचले होते.

मी नुसतं "हवालदार" म्हटलं. माझ्या आवाजावरून त्यांना कळलं. खिडकीशी आले, पाहिलं. मला वाटलं ते वर धावतील, निदान ओरडतील. वारा आमच्या तोंडावर येत होता, ओरडणं वर पोचणार नव्हतं.

"गजा, तू वर जा. पोचनार नाहीस, पन जा," ते म्हणाले. "बाकीच्यानं वळकट्या घ्या. साऱ्या."

फळ्यांशिवाय पाय कमरेपर्यंत रुतत होते. दोरीनं ओढत, ढकलत आम्ही त्या वळकट्या देवदारांपर्यंत नेल्या. हवालदार पुढं. त्या गेलेल्या दोन बोटांमुळं त्यांचा डावा पाय बर्फात वाकडा पडत होता, पण आमच्यात कुणी त्यांच्या जवळपासही नव्हतं. दोन झाडांच्या मधे, जिथं उताराची वाट सरळ शिरत होती, तिथं त्यांनी वळकट्या दोन-दोन थरांनी रचल्या. आम्हा पाचजणांना त्यांच्या मागं पाठ टेकून, टाचा रोवून बसवलं. स्वतः मात्र पुढं उभे राहिले, उघड्यावर. मी मान वळवून पाहत होतो. मला एवढी भीती शिडीवर कधी वाटली नाही.

पहिला सुटला आणि मध्यावर आडवा झाला, तिथंच पडून राहिला. दुसऱ्यानं खाली आम्हाला पाहिलं असावं, तो घाबरून बुडावर बसला आणि गोल फिरत थांबला. गजा अजून बराच खाली हातवारे करत होता. मग मधुभाऊ सुटले.

ते फार सुंदर येत होते. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, अगदी चित्रातल्यासारखे. म्हणूनच ते मधे कुठं थांबणार नव्हते. पडले असते तर बरं झालं असतं. सुरुवातीला ते हसत होते, दात दिसत होते. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यांना थांबायचं होतं. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. हवालदार एक पाऊल डावीकडं सरकले. मग आणखी अर्धं. मग आदळल्याचा आवाज आला, आणि आमच्या पाठीत रट्टा बसून आम्ही पाचही जण झाडांपर्यंत रेटले गेलो. एक गादी फाटली. बर्फावर कापूस सांडला, कुठं काय पांढरं आहे ते कळेना.

मधुभाऊ धड होते. हवालदार त्यांच्या खाली होते. हळूहळू उठले, एक हात बरगडीवर. त्यांनी मधुभाऊंच्या पायांतल्या पट्ट्या सोडल्या, मनगट धरलं आणि झाडांमधून सात-आठ पावलं पलीकडं नेलं. मीही मागं गेलो. झाडं संपली होती. आमच्या पावलांच्या खाली, खूप खाली, एक घार फिरत होती. घारीची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मधुभाऊ खाली बसले. मग म्हणाले, "तुमी समोर कावून उभे राह्यले? मांगं राहाचं होतं."

"मांगून दिसत नाही ना," हवालदार म्हणाले, "तू कोनीकडं वळशील ते."

सिमल्याच्या दवाखान्यात कळलं, दोन बरगड्या मोडल्या होत्या. परतीच्या तीन दिवसांच्या प्रवासात त्यांना आडवं होता आलं नाही. ताठ बसून होते. अकोला आलं तरी उतरले नाहीत. पोरं ज्यांच्या दारातून नेली त्यांच्या दारात पोचवून येतो म्हणाले आणि बडनेऱ्याला पुढं गेले. ही हकीकत त्यांनी कुणाला सांगितली नाही. मधुभाऊंनीही सांगितली नाही. प्रेसमध्ये सगळ्यांची समजूत अशी की जमादार बर्फावर पाय घसरून पडला, आणि मुनीमजी त्यावरून वर्षभर बोलले.

बासष्टच्या थंडीत त्यांना बोलावणं आलं. लढायला नव्हे, नवी पोरं भराभर भरती होत होती, त्यांना फळ्यांवर उभं करायला जुने शिकवणारे हवे होते. वहिनी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मला वाटलं हवालदार लगेच ट्रंक भरतील. त्यांनी आधी पत्र लिहिलं. येतो, पण जागा कोण निवडणार, असा एकच सवाल. फौजेला असं विचारणारा माणूस मी तरी ऐकला नाही. मला रात्रंदिवस भीती, आता यांना काय शिक्षा होते. उत्तर आलं: जागा तुम्हीच पाहायची. ते कार्ड त्यांनी वहिनींना वाचून दाखवलं, मग मला, मग पुन्हा वहिनींना.

पुढं त्यांची दोन पत्रं आली. मी त्या उन्हाळ्यात इंदूरला मोठ्या गिरणीत लागलो. काही वर्षांनी अकोल्याला फिरकलो तेव्हा ते सुखरूप परतून मुलाकडं नागपूरला राहायला गेले होते. गाठ पडली नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या फलाटावर, जायच्या दिवशी, भर दुपारी.

डबा बाळापूर-मूर्तिजापूरकडच्या रंगरुटांनी भरला होता. फलाटावर त्यांच्या आया. मधुभाऊ अमरावतीहून आले होते, वहिनींची पिशवी धरून उभे होते. मी सत्तावन्न सालापासून साठलेलं बोलणं मनात जुळवून आलो होतो. मुदतीच्या तापापासून सुरुवात करायची, असं ठरवलं होतं. शिट्टी झाली तसा मी खिडकीशी गेलो. हवालदार खिडकीत नव्हते. आत, बाकासमोर गुडघ्यावर बसले होते. समोर अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा, नवा लोकरी कोट घातलेला, कुणीतरी घाईघाईनं बटणं लावून दिलेली, एकाआड एक चुकलेली. हवालदार ती सगळी सोडून खालून पुन्हा लावत होते. पोरगा त्यांच्या डोक्यावरून बाहेर आपल्या आईकडं पाहत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी हलली तरी त्यांनी मान वर केली नाही. वरची दोन बटणं अजून लावायची होती.